“राजीनामा द्या, बाळंतपण झालं की परत घेतो” – काय करावं?

टॉवेलवाली | १० जानेवारी २०२६, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. इथं बरेच दिवस नुसतीच वाचते, लिहायची वेळ पहिल्यांदा आली.

सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत एका टॉवेल कारखान्यात डिस्पॅच आणि एक्स्पोर्टची कागदपत्रं बघते. डिसेंबरात दोन वर्षं झाली. ग्रॉस पगार १९,४००. पाचवा संपून सहावा महिना लागलाय, डॉक्टरांनी १२ मे तारीख दिली आहे.

काल ऑफिसात सांगितलं. मॅनेजरसाहेब माणूस वाईट नाही. चहा मागवला, अभिनंदन केलं आणि मग म्हणाले, “असं करा, मार्चअखेर राजीनामा द्या. बाळंतपण निवांत होऊ दे. बाळ सहा महिन्यांचं झालं की या, तुमची खुर्ची कुठं जात नाही.” मी भीत भीत २६ आठवड्यांच्या पगारी रजेचं विचारलं. तर म्हणे ते सरकारी आणि बँकवाल्यांना असतं, आपल्या धंद्यात परवडत नाही.

सासूबाई म्हणतात, नोकरी काय, पुन्हा मिळेल. नवरा म्हणतो, तू ठरव. (हे ‘तू ठरव’ म्हणजे काय असतं ते इथल्या बायकांना वेगळं सांगायला नको.)

खरंच खासगी कारखान्याला हे लागू नाही का? आमच्याकडं सगळे मिळून दीडशेच्या आसपास माणसं आहेत.

---

शेंगाचटणी | १० जानेवारी, रात्री ११:०५

आधी अभिनंदन ओ ताई! आणि राजीनामा अजिबात देऊ नका. काय सांगलालेत हे साहेब? माझ्या बहिणीला असंच गोड बोलून घरी बसवलं होतं. सहा महिन्यांनी गेली तर तिच्या खुर्चीत साहेबांचा भाचा बसलेला.

---

हिशेबी_काका | ११ जानेवारी, सकाळी ७:१५

टॉवेलवाली, तुमच्या पगाराच्या स्लिपवर ईएसआय (कामगार विमा) म्हणून काही कापलेलं दिसतं का? बघून सांगा. बाकीचं नंतर.

---

टॉवेलवाली | ११ जानेवारी, सकाळी ९:३०

हो काका. दर महिन्याला १४६ रुपये.

---

हिशेबी_काका | ११ जानेवारी, सकाळी १०:२०

मग तुमच्या साहेबांना अर्धी गोष्ट माहीतच नाही. नीट वाचा आणि त्यांनाही वाचायला द्या.

१९,४०० चे पाऊण टक्का म्हणजे १४५ रुपये ५० पैसे, वरचा रुपया धरून १४६. हा तुमचा वाटा. मालक वरून सव्वातीन टक्के भरतो. ज्यांचा पगार २१,००० च्या आत आहे ते कामगार विम्यात येतात, आणि अशा बाईच्या बाळंतपणाचे पैसे मालक देत नाही, ईएसआय महामंडळ देतं. तुमच्या खात्यावर थेट. सरासरी रोजाच्या शंभर टक्के, २६ आठवडे. तुमच्या पगारावर ढोबळ हिशेब केला तर १ लाख १७ हजारांच्या आसपास जातं.

म्हणजे साहेबांना ‘परवडत नाही’ म्हणायला जागाच नाही. त्यांना फक्त तुमची जागा सहा महिने राखायची आहे. बदली माणूस बसवला तर त्याचा पगार तुमच्या वाचलेल्या पगारातून निघतो.

अट एवढीच की प्रसूती ज्या लाभकाळात (विम्याचे पैसे मिळायच्या सहामाहीत) येते त्याच्या आधीच्या सलग दोन वर्गणीकाळांत मिळून ७० दिवसांची वर्गणी भरलेली हवी. वर्गणीकाळ एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च असे मोजतात. दोन वर्षं सलग काम केलंय, तुमची ती अट केव्हाच पूर्ण झालेली आहे.

राजीनामा दिलात तर काय जातं तेही सांगतो. रजेवर असलेल्या बाईला कामावरून काढता येत नाही, हे संरक्षण जातं. सर्व्हिस तुटते. ग्रॅच्युइटीची पाच वर्षं पुन्हा एकपासून मोजायची. रजा घेतलीत तर हेच २६ आठवडे सलग सेवेत धरतात. ‘परत घेतो’ हा शब्द कुठल्याही रजिस्टरला चढत नाही.

---

शिलाईवाला | ११ जानेवारी, दुपारी १:४५

मी पलीकडच्या बाजूचा. युनिफॉर्मचं छोटं युनिट आहे, २२ शिलाईच्या बायका, एक अकाउंटंट, दोन कटिंग मास्टर. शिव्या खायच्या तयारीनं लिहितोय.

काकांचं बरोबर आहे, शिलाईच्या बायकांचं ईएसआय बघतं. पण माझी अकाउंटंट २६,००० वर आहे. ती ईएसआयच्या बाहेर. तिचे २६ आठवडे माझ्या खिशातून, तेही जूनच्या शाळांच्या ऑर्डरी अंगावर असताना, आणि तिच्या जागी बसवलेल्या पोराचा पगार वेगळा. मी दिले, पूर्ण दिले. पण त्या वर्षी मला स्वतःला घरखर्चाला काय उरलं ते विचारू नका. आठवड्याला सुट्टी धरायची की नाही यावरही वाद घातला आमच्या कन्सल्टंटनं.

आणि खरं सांगतो, त्यानंतर मुलाखतीला आलेल्या मुलींना “लग्न झालंय का” हे माझ्या तोंडून आपोआप निघायला लागलं. चूक आहे, कळतं. पण कायदा करताना सगळा भार एकट्या मालकाच्या डोक्यावर टाकला की हेच होणार.

---

झेडपीची_बाई | ११ जानेवारी, दुपारी ३:१०

@शिलाईवाला, दिलेत हे चांगलं केलंत. पण तुम्ही भार म्हणता तो बाईच्या पोटात असतो हो, डोक्यावर नाही.

आम्हा जिल्हा परिषदेच्या शिक्षिकांना १८० दिवस मिळतात, दोन हयात मुलांची अट. शिवाय पुढं सगळ्या नोकरीत मिळून १८० दिवस बालसंगोपन रजा, २०१८ पासून. माझ्या दुसऱ्या वेळी मी पूर्ण १८० दिवस घेतले आणि स्टाफरूममध्ये एका सरांनी विचारलं, “मॅडम, मजा आहे तुमची, सहा महिने फुल पगार!” म्हटलं, सर, दोन तासांच्या वर सलग झोपला नाहीत कधी महिनाभर तर कळेल मजा.

---

हिशेबी_काका | ११ जानेवारी, सायंकाळी ६:००

शिलाईवाला यांची तक्रार मी हसण्यावारी नेणार नाही. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या २००० सालच्या १८३ व्या करारातही हेच धरलंय की या रजेचा खर्च विमा किंवा सार्वजनिक निधीतून व्हावा, एकट्या मालकावर पडू नये. तिथं किमान १४ आठवडे सांगितलेत, आपण २६ दिले. आठवड्यांत आपण पुढं, पण पैसे कुणी द्यायचे यात मागं. ईएसआयची २१,००० ची मर्यादा २०१७ च्या जानेवारीपासून तिथंच आहे. तेव्हापासून पगार वाढत गेले आणि कितीतरी बायका ईएसआयमधून बाहेर पडून छोट्या मालकांच्या अंगावर आल्या. भांडायचं तर ती मर्यादा वाढवा म्हणून मालकांनी भांडावं. अकाउंटंटशी काय भांडता?

आठवड्याच्या सुट्टीचं: सुप्रीम कोर्टानं १९७७ मध्येच कोईमतूरच्या एका प्रकरणात सांगून टाकलंय की आठवडा म्हणजे सात दिवस, रविवार धरून. २६ आठवडे म्हणजे १८२ दिवसांचे पैसे. कन्सल्टंटला सांगा.

---

जुनं_ते_सोनं | ११ जानेवारी, रात्री ८:३०

आमच्या आया काय रजा घेत होत्या? सकाळी बाळंत व्हायच्या, संध्याकाळी चुलीपुढं. धडधाकट राहिल्या. आताच्या पोरींना सगळं कायद्यानं पाहिजे.

---

विडीघरकुल | ११ जानेवारी, रात्री ११:५०

वरच्या प्रतिसादाला उत्तर देणार नव्हते. झोप येईना म्हणून लिहितेय.

माझी आई विड्या वळायची. आमच्या गल्लीत सगळ्याच वळायच्या. सकाळी विडी कारखान्याच्या ब्रँचला माल टाकायचा, पान-तंबाखू घेऊन यायचं, पान भिजवायचं, कापायचं, मांडीवर सूप घेऊन रात्रीपर्यंत वळत बसायचं. हजाराचा भाव, त्यातही खराब म्हणून बाजूला काढलेल्या विड्यांचे पैसे नाहीत. माझ्या वेळी आई आठव्या महिन्यापर्यंत वळत होती. माझ्यानंतर अकराव्या दिवशी पुन्हा सूप मांडीवर. धडधाकट कसली ओ? तिची कंबर तेव्हा धरली ती आजही सुटलेली नाही.

मोठी झाल्यावर आणि थोडं शिकल्यावर कळलं की १९६६ चा विडी कामगारांचा कायदा होता, आणि त्यात घरी बसून विड्या वळणाऱ्या बाईलाही बाळंतपणाच्या लाभाचा कायदा लागू केलेला होता. घरी बसून! म्हणजे आईला तेव्हाचे १२ आठवडे मिळायला हवे होते.

का नाही मिळाले माहीत आहे? कामगाराचं कार्ड आजीच्या नावावर होतं. आजी ब्रँचला जाऊन माल टाकायची, फंड आजीच्या नावाचा, आणि वळणारी आई. कारखान्याच्या लेखी माझी आई नव्हतीच. आणि साठीच्या आजीला कुठून बाळंतपणाची रजा मिळणार?

कुंभारीला गोदूताई परुळेकर वसाहतीत विडी कामगार बायकांना दहा हजार घरं मिळाली, त्यासाठी बायका किती वर्षं मोर्चे काढत होत्या ते सोलापुरात सगळ्यांना ठाऊक आहे. घरासाठी रस्त्यावर उतरल्या. बाळंतपणाच्या पैशासाठी उतरल्याचं मला तरी आठवत नाही. ते ‘बायकांचं घरातलं’ समजलं जायचं. आमच्या बायकांनीसुद्धा तसंच समजलं.

टॉवेलवाली अक्का, तुझं कार्ड तुझ्या नावावर आहे. सोडू नको.

---

शेंगाचटणी | १२ जानेवारी, सकाळी ८:०५

विडीघरकुल, सकाळी सकाळी डोळ्यात पाणी आणलंस बघ.

---

गिरणीचा_भोंगा | १२ जानेवारी, सकाळी १०:४०

आजी गिरणीत होती, म्हणून थोडा इतिहास. मुंबई इलाख्यात बाळंतपणाच्या लाभाचा कायदा १९२९ साली झाला, देशात पहिला. आदल्या वर्षी, १९२८ मध्ये, मुंबई कायदे मंडळात हे विधेयक आलं तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याची बाजू घेतली होती. सोलापूर त्याच इलाख्यात, आणि इथं १८७७ पासून गिरणी चालू. म्हणजे या गावातल्या कामकरी बाईला हा हक्क नवा नाही, जवळजवळ शंभर वर्षांचा आहे. देशभराचा कायदा १९६१ चा. १२ चे २६ आठवडे झाले १ एप्रिल २०१७ पासून. आता तो जुना कायदा २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत गेलाय, ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू आहे. आठवडे तेवढेच.

---

सातरस्ता | १२ जानेवारी, दुपारी १२:३०

माझी बायको खासगी इंग्रजी शाळेत आहे. अकरा महिन्यांची ऑर्डर, मेमध्ये टर्मिनेट, जूनमध्ये नवी. तिची तारीख ऑगस्टची. शाळा म्हणते जूनची ऑर्डर काढतच नाही मग. कंत्राटी बाईला काही नाही का?

---

हिशेबी_काका | १२ जानेवारी, दुपारी २:१५

@सातरस्ता, दिल्लीच्या एका कंत्राटी डॉक्टरबाईंचं प्रकरण वाचून ठेवा. त्यांनी १ जून २०१७ पासून रजा मागितली, कंत्राट ११ जूनला संपत होतं. दवाखान्यानं काय केलं? अकरा दिवसांची रजा मंजूर केली! ऑगस्ट २०२३ मध्ये सुप्रीम कोर्ट म्हणालं, लाभ कंत्राटाच्या मुदतीपुढंही जातो, पूर्ण २६ आठवड्यांचे पैसे द्या. रोजंदारीवरच्या बायकांना हा कायदा लागू आहे हे तर त्याच कोर्टानं २००० सालीच दिल्ली महापालिकेच्या प्रकरणात सांगितलंय.

तुमच्याकडं फरक आहे. मेमध्ये ऑर्डर संपेल आणि तारीख ऑगस्टची. म्हणून आत्ताच, ऑर्डर जिवंत असताना, लेखी अर्ज द्या. आधीच्या बारा महिन्यांत ८० दिवस काम भरलं पाहिजे, ते तुमचं भरतं. दर वर्षीच्या सगळ्या ऑर्डरी एकत्र झेरॉक्स करून ठेवा. आणि कामगार वकिलाला गाठा, ही गोष्ट इथल्या सल्ल्यावर सोडण्यासारखी नाही.

---

अनामिका_२२ | १२ जानेवारी, रात्री ९:२०

एक विचारायचं होतं. मला मागच्या वर्षी चौथ्या महिन्यात गेलं. चौथ्या दिवशी कामावर गेले, कारण चारच सीएल (किरकोळ रजा) शिल्लक होत्या. त्याला पण काही रजा असते का?

---

झेडपीची_बाई | १२ जानेवारी, रात्री ९:४५

असते गं बाई. गर्भपात झाल्यावर सहा आठवडे, पगारी. डॉक्टरांचा दाखला लागतो फक्त. ईएसआयमध्येही आहे.

---

अनामिका_२२ | १२ जानेवारी, रात्री ९:५२

सहा आठवडे.

बरं. धन्यवाद.

---

कामाची_वहिनी | १३ जानेवारी, सकाळी ११:००

ज्यांना नोकरीच नाही त्यांचं काय? आमची जाऊ घरीच ब्लाउज शिवते.

---

झेडपीची_बाई | १३ जानेवारी, सकाळी ११:४०

पंतप्रधान मातृवंदना योजना. पहिल्या बाळाला दोन हप्त्यांत ५,००० आणि दुसरी मुलगी झाली तर ६,०००. उत्पन्नाच्या वगैरे अटी आहेत. अंगणवाडीत किंवा आशाताईकडं नाव घाला. बांधकामावर जाणारी असेल आणि बांधकाम कामगार मंडळात नोंद असेल तर नैसर्गिक प्रसूतीला १५,०००, सिझेरियनला २०,०००, पहिल्या दोन बाळंतपणांना. २६ आठवड्यांच्या मानानं किरकोळ आहे, पण डिंक-खारकेला तरी होतं.

---

टॉवेलवाली | १५ जानेवारी, रात्री १०:१०

गड्ड्याच्या जत्रेच्या गर्दीत दोन दिवस इकडं येता आलं नाही. सगळं वाचलं. विडीघरकुल, तुमचं दोनदा वाचलं.

काकांनी सांगितल्याप्रमाणं हिशेब मांडला. तारखेच्या आठ आठवडे आधीपासून रजा घेतली तर १७ मार्चला सुरू होते आणि १४ सप्टेंबरला संपते, नेमकी गणेश चतुर्थी. पण आठ आठवडे आधी घ्यायलाच पाहिजे असं नाही ना? २० एप्रिलपर्यंत काम केलं तर १८ ऑक्टोबरपर्यंत जाते, दसऱ्याच्या तोंडावर. बाळाजवळ महिनाभर जास्त. पण एप्रिलचं आपलं ऊन, आणि एमआयडीसीपर्यंत रिक्षातून हाडं खिळखिळी. आई म्हणते वेडी आहेस, मार्चातच माहेरी ये.

अजून एक. आमच्याकडं एका खोलीवर ‘पाळणाघर’ अशी पाटी आहे. आज मुद्दाम डोकावले. आत छतापर्यंत टॉवेलची खोकी.

---

शेंगाचटणी | १५ जानेवारी, रात्री १०:३०

खोकी बाळसेदार दिसतायत म्हणायची. 😄

---

हिशेबी_काका | १६ जानेवारी, सकाळी ७:४०

५० माणसांच्या वर पाळणाघर लागतंच, आणि आईला दिवसातून चार वेळा तिथं जायची मुभा. पण ती लढाई ऑक्टोबरची, आत्ता उकरू नका. आठ आठवडे ही आधीची कमाल मर्यादा आहे, कमी घेतले तर उरलेले बाळंतपणानंतर. डॉक्टर सांगतील तसं करा, कॅलेंडरकडं बघून नको.

खासगी डॉक्टरकडं नाव असलं तरी ईएसआयच्या दवाखान्यात गरोदरपणाची नोंद आत्ताच करा. दाखला तिथून लागतो. पुढचा दावा पोर्टलवरून भरता येतो. आणि अर्ज ऑफिसात देताना दुसऱ्या प्रतीवर तारीख-शिक्का घ्या. तोंडी काही नको.

---

शिलाईवाला | १६ जानेवारी, दुपारी १:००

काका, ईएसआयची पगाराची मर्यादा वाढवण्याबद्दल आमच्या असोसिएशनच्या बैठकीत बोललो. दोघांनी मान डोलावली, बाकीच्यांनी चहा मागवला. टॉवेलवाली, साहेबांशी बोलताना पगाराची स्लिप समोर ठेवा आणि पहिलं वाक्य “तुमचा एक रुपया जात नाही” हे ठेवा. मालक लोकांचे कान तिथं उघडतात. स्वानुभव.

---

टॉवेलवाली | २ फेब्रुवारी, रात्री ९:००

झालं एकदाचं!

शिलाईवाला दादा, तुमचंच वाक्य वापरलं. साहेबांनी लगेच पीएफ-ईएसआयच्या कन्सल्टंटला फोन लावला, स्पीकरवर. तो म्हणाला, “हो साहेब, ते महामंडळ देतं.” साहेब दोन मिनिटं गप्प. मग मलाच म्हणाले, “मग हे आधी का नाही सांगितलं कुणी?” गेल्या वर्षी पॅकिंगमधल्या दोघींनी असाच राजीनामा दिला होता. त्यांचंही ईएसआय कापलं जात होतं. त्यांची नावं साहेबांच्या तोंडातून आली आणि मग ते खिडकीबाहेर बघत बसले. मीही काही बोलले नाही.

अर्ज दिला, प्रतीवर शिक्का घेतला. रजा ६ एप्रिलपासून, आई आणि डॉक्टर यांच्या मधली तारीख. ट्रेनी मुलगी आलीय, तिला शिपिंग बिलं शिकवतेय. हुशार आहे, जरा जास्तच.

---

विडीघरकुल | २ फेब्रुवारी, रात्री ११:३०

लई बरं वाटलं अक्का. आता एक काम कर. ईएसआयच्या रेकॉर्डवर, आधारवर आणि बँकेत तुझं नाव एकसारखं आहे का बघ. आमच्या इथं एकीचं ईएसआयला माहेरचं नाव होतं आणि बँकेत सासरचं, पैसे तीन महिने अडकले होते.

---

टॉवेलवाली | २ फेब्रुवारी, रात्री ११:४१

अरे देवा. ईएसआयला माहेरचंच आहे.

उद्या सकाळी पहिलं तेच करते.